ग्रंथपालांचा खांदा आणि एक्केचाळीस कामं

अपघाताच्या वेळी वाहनाचा वेग किती होता, या विम्याच्या अर्जातल्या प्रश्नापुढे ग्रंथपालांनी स्वच्छ अक्षरात लिहिलं, ‘वाहन मागे येत होते.’ खोटं लिहिणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. निदान त्या पानापर्यंत तरी नव्हतं.

वाहन साडूंचं. पुढच्या सीटवर साडूंनी नुकताच घेतलेला टेबलफॅन पट्टा बांधून बसवलेला, म्हणून ग्रंथपाल मागे, साडूंच्या पाठीशी. दुकानाच्या तळघरातून गाडी मागे घ्यायची होती. तीस वर्षं गाडी चालवलेल्या माणसाने मान वळवून मागे बघणं हा साडूंच्या मते कमीपणा. तेव्हा ग्रंथपालांनीच उजवा हात खांद्यापर्यंत खिडकीबाहेर काढला आणि “येऊ द्या, येऊ द्या,” म्हणत हाताने रस्ता दाखवायला सुरुवात केली. गाडी आली. खांबही आला. ‘येऊ द्या’ आणि ‘बास’ यांच्यामध्ये जो एक श्वास असतो, तेवढ्यात खांद्याचं व्हायचं ते होऊन गेलं. टेबलफॅनला काहीही झालं नाही.

हाड मोडलं नव्हतं. हात कानाच्या वर जात नव्हता, एवढंच. आता कुणी म्हणेल, कानाच्या वर हात न नेताही पुष्कळ माणसं सुखाने जगतात. पण ग्रंथपालांच्या वाचनालयात कपाटांना सात फळ्या होत्या आणि सातवी फळी डोक्याच्या वर होती. हात सातव्या फळीला पोचतो असा कागद आणल्याशिवाय त्यांना कामावर घ्यायचं नाही, असं समितीने ठरवलं. दोन महिने वाट बघू, म्हणाले. तोवर सहायक बाई कारभार बघतील. आणि सहायक बाईंनी चौथ्याच दिवशी उत्साहाने फोन केला.

“सर, सगळी पुस्तकं उंचीप्रमाणे लावली! उंच खाली, बुटकी वर. इतकं छान दिसतंय ना! लोक फोटो काढतायत.”

“आणि विषय?” ग्रंथपालांनी विचारलं.

“विषय काय, पुस्तक उघडलं की कळतोच की.”

ग्रंथपाल त्या दिवशी जेवले नाहीत. सव्वीस वर्षांची मांडणी होती ती. समितीला नवी मांडणी आवडली होती. दोन महिन्यांनी तीच कायम करायची, असं कानावर येत होतं. म्हणजे दोन महिन्यांत हात वर गेला नाही, तर इतिहासाशेजारी स्वयंपाक आणि स्वयंपाकाशेजारी गुन्हेकथा, अशी जन्माची गाठ पडणार होती.

“काळजी कसली करता?” साडू म्हणाले. “गाडीचा विमा आहे. जखमी माणसाला चोवीस वेळा व्यायाम फुकट. मी वाचलंय.”

साडूंनी वाचलं होतं ते खरं, पण वाचलं होतं सहा वर्षांपूर्वी. विमा कंपनीने एक तारखेपासून नियम बदलले होते, आणि अपघात एक तारखेला दुपारी झाला होता. फोनवरच्या मुलीने आवाजात शक्य तितका गोडवा आणून सांगितलं की पूर्वी सगळ्यांना आपोआप मिळणारे लाभ आता ऐच्छिक झाले आहेत. ज्यांनी ते निवडले त्यांना चोवीस, इतरांना सहा.

“निवडायचे म्हणजे कसे?”

“नूतनीकरणाच्या अर्जावर चौकोन होता, सर. त्यात खूण करायची होती.”

ग्रंथपालांनी साडूंकडे पाहिलं.

“रिकामा चौकोन दिसला की मी तो रिकामाच ठेवतो,” साडू म्हणाले. “उगाच कशाला खूण करा, नसती भानगड. आणि माझ्याकडे काय बघता? मी आदल्या दिवशी जाऊ म्हणत होतो. तुम्हीच म्हणालात, आज पुस्तकांची मोजणी आहे. एक दिवस आधी धडकलो असतो तर चोवीस!”

आदल्या दिवशी धडकलो नाही, याची हळहळ ग्रंथपालांना पुढे बरेच दिवस वाटत राहिली. माणसाचं कसं असतं बघा, धडकलो याचं दुःख राहतं बाजूला.

सहा वेळा व्यायाम झाला. हात कानाच्या पाळीपर्यंत आला आणि तिथे अडला. महिना संपला. आणि मग वरच्या मजल्यावरचे टपालमास्तर मदतीला धावले.

टपालमास्तर निवृत्त होते आणि त्यांनाही पूर्वी एकदा, जुन्या नियमांच्या सुवर्णकाळात, अपघात झाला होता. त्या अपघाताबद्दल ते अशा सुरात बोलत की ऐकणाऱ्याला वाटावं, हे कुठल्यातरी थंड हवेच्या ठिकाणी जाऊन आलेत. “आमच्या वेळी कंपनीचा माणूस घरी यायचा हो. कसे आहात म्हणून विचारायचा. चष्मा फुटला नव्हता तरी नवा दिला!” त्यांनी नव्या नियमांचं पुस्तक मागवून घेतलं, भिंग लावून वाचलं आणि एकोणिसाव्या पानावर बोट ठेवलं.

“हे बघा. हे कापायचं विसरलेत. घरगुती पुनर्वसन लाभ. जखमी माणूस अपघातापूर्वी घरातली जी कामं स्वतःच्या हाताने करत होता, ती त्याला पुन्हा करता येईपर्यंत उपचार. मोजमाप नाही! फक्त कामांची यादी द्यायची आणि नात्यात नसलेल्या एका साक्षीदाराची सही.”

“पण मी घरातलं...” ग्रंथपाल अडखळले.

“चहा करत असाल की कधी.”

ग्रंथपालांनी बायकोकडे पाहिलं. ती कपडे वाळत घालत होती. तिने मागे वळूनही न बघता सांगितलं, “एकदा केला होता. मी बाळंत झाले होते तेव्हा. हे दूध घालायला विसरले होते.”

“झालं तर मग!” टपालमास्तर म्हणाले. “केला होता ना? तुम्ही यादी करा, सही मी देतो. छत्तीस वर्षं शिक्के मारलेत, लिफाफ्याच्या आत काय आहे ते कधी विचारलं नाही.”

दुसरा एखादा माणूस असता तर त्याने चार कामं खरडली असती आणि मोकळा झाला असता. पण यादी करायला सांगितली होती ग्रंथपालांना. यादी म्हटलं की त्यांच्या अंगात काहीतरी संचारायचं. अपुरी यादी ही त्यांच्या लेखी चोरीपेक्षा वाईट गोष्ट. घरात नेमकी कामं कोणती असतात हे माहीत नसल्यामुळे त्यांनी वही घेतली आणि दोन दिवस सकाळपासून रात्रीपर्यंत ते बायकोच्या मागे फिरले.

“आता काय करते आहेस?”

“दुधावर लक्ष ठेवतेय.”

“हे वेगळं काम धरायचं की दूध तापवण्याचा उपविभाग?”

“तुम्ही एकदा ठेवून बघा, मग कळेल वेगळं आहे की नाही.”

ते वेगळं धरलं. पंख्याची पाती पुसणं, उशांच्या खोळी बदलणं, डब्याच्या तळाशी किती साखर उरली ते डबा न उघडता ओळखणं, मोरीच्या जाळीतले केस काढणं, नळ नीट बंद झाला नाही हे दुसऱ्या खोलीतून ऐकणं. वहीची पानं भरत गेली. तेहतीस वर्षं एका घरात राहून हे सगळं चालू असताना आपण कुठे होतो, असा एक विचार त्यांच्या मनाला शिवून गेला. पण हातात पेन्सिल होती आणि विचाराला क्रमांक देता येत नव्हता, त्यामुळे तो मागे पडला. शेवटी एक्केचाळीस कामं झाली. मुख्य विभाग, उपविभाग, ‘हेही पाहा’, सगळं यथास्थित. ग्रंथपालांनी डाव्या हाताने उजव्या हाताला आधार देत ती सुवाच्य उतरवून काढली. वर शीर्षक: ‘अपघातापूर्वी मी स्वहस्ते करीत असलेली कामे.’ टपालमास्तरांनी खाली सही ठोकली.

बायकोने यादी वाचली. सावकाश, दोनदा वाचली. “अक्षर छान आलंय,” एवढंच म्हणाली.

कंपनीचं उत्तर आठ दिवसांत आलं. एक्केचाळीसच्या एक्केचाळीस कामं मंजूर झाली होती. ग्रंथपालांनी पत्र साडूंना वाचून दाखवलं, टपालमास्तरांना वाचून दाखवलं, आणि मग पाठीमागचा मजकूर एकट्याने वाचला. त्यात लिहिलं होतं की उपचार दवाखान्यात न होता प्रत्यक्ष घरी होतील. उपचारतज्ज्ञ समोर उभ्या राहून प्रत्येक काम रुग्णाकडून करून घेतील. घरातील अन्य व्यक्तींनी मदत करू नये. सर्व कामांवर खूण झाल्यावरच हाताचा दाखला मिळेल.

उपचारतज्ज्ञ बाई सोमवारी सकाळी आठ वाजता आली. वयाने त्यांच्या मुलीएवढी, केस घट्ट बांधलेले, काखेत फाईल, चेहऱ्यावर हसू नाही आणि रागही नाही. “काकू, तुम्ही तिकडे खुर्चीत बसा,” ती म्हणाली, “आणि काहीही झालं तरी उठू नका. काका, चला. काम क्रमांक एक. दूध तापवणे.”

ग्रंथपाल स्वयंपाकघरात गेले आणि पाहुण्यासारखे उभे राहिले.

“पूर्वी करत होतात तसंच करायचं,” ती म्हणाली. “शरीराला सवय आठवते.”

ग्रंथपालांच्या शरीराला काहीही आठवेना. त्यांनी आधी पातेलं शोधलं. पातेलं सापडेपर्यंत त्यांनी सहा कपाटं उघडली. बाईने फाईलमध्ये काहीतरी लिहिलं.

“काका, स्मरणशक्तीवर परिणाम झालाय का अपघाताचा?”

“थोडासा,” ग्रंथपाल म्हणाले. खुर्चीतून खोकल्यासारखा एक आवाज आला.

दूध उतू गेलं. क्रमांक दोन, दुधावर लक्ष ठेवणे, हेही आपोआप बाद झालं. आणि क्रमांक तीन, ओटा पुसणे, अचानक भरपूर करायला मिळालं.

त्यानंतरचे तीन आठवडे घरात काय चाललं होतं याबद्दल इमारतीत अनेक मतं होती. टपालमास्तर रोज आठ वाजता पेपर घेऊन खाली येत आणि ग्रंथपालांच्या बायकोच्या शेजारी दुसऱ्या खुर्चीत बसत; साक्षीदार म्हणून हा आपला हक्क आहे, असं त्यांचं म्हणणं. ग्रंथपाल गादीची खोळ घालताना स्वतःच खोळीत शिरले आणि बाहेर येण्याची वाट हरवून बसले, तेव्हा टपालमास्तर आतल्या हालचालीकडे बघत म्हणाले, “पत्ता चुकला वाटतं.” साडूंनी एकदा येऊन पाहिलं, हादरले आणि स्वतःच्या बायकोला घेऊन लगेच घरी गेले. असलं काही बायकांनी बघू नये, असं त्यांना वाटलं.

कपड्यांच्या घड्या ग्रंथपालांना पहिल्याच दिवशी जमल्या, कारण त्यांनी त्या पुस्तकासारख्या घातल्या, कणा बाहेर. उत्साहाच्या भरात त्यांनी स्वयंपाकघरातल्या डब्यांनाही क्रमांकाच्या चिठ्ठ्या लावल्या. संध्याकाळी बायको विचारू लागली, “अहो, मीठ कुठाय?” तर म्हणाले, “चारशे दोन. खनिजं.” तिने त्या दिवशी चारशे दोन शोधायला जो वेळ घेतला तेवढ्यात भाजी करपली. नियम म्हणजे नियम. करपलेलं पातेलं घासणं हे क्रमांक बारा होतं.

एक गोष्ट मात्र खरी. पंख्याची पाती, माळ्यावरची भांडी, उंच दोरीवरची चादर, असं करत करत हात वर चालला होता. कानाची पाळी मागे पडली, मग टक्कल सुरू होतं ती रेषा, मग टक्कल. ग्रंथपाल रात्री झोपताना हात भिंतीला लावून पेन्सिलीने खूण करत. दोन महिन्यांची मुदत शनिवारी संपत होती. शुक्रवारी सकाळी हात सातव्या फळीच्या उंचीला टेकला आणि चाळीस कामांवर खुणा झाल्या होत्या.

“आता एकच,” बाई म्हणाली. “एकोणचाळीस नंबरचं मागे राहिलं होतं. ‘घरात रुसलेल्या माणसाची समजूत काढणे, आठवड्यातून दोनदा.’”

ग्रंथपालांना आठवलं. वहीच्या दुसऱ्या दिवशी ते स्वतः कशावरून तरी रुसले होते. बायकोने येऊन समजूत काढून त्यांना उठवलं होतं, आणि तशाही अवस्थेत त्यांनी ते प्रामाणिकपणे नोंदवलं होतं.

“हे काढून टाकता येणार नाही का?” त्यांनी विचारलं.

“मंजूर झालेलं आहे, काका. घरात रुसतं कोण?”

टपालमास्तरांनी पेपर जरा वर धरला.

“काकू, तुम्ही रुसाल का? पाच मिनिटं. खोटंखोटं.”

“मला नाही बाई येत,” बायको म्हणाली. “कधी केलंच नाही. या घरात ते खातं यांच्याकडे.”

“प्रयत्न करा ना. नाहीतर दाखला अडेल.”

बायको उठली. तोंड जरासं फुगवून बघितलं, तिचं तिलाच हसू आलं. मग तिचं लक्ष बाईच्या हातातल्या फाईलकडे गेलं. सर्वांत वर ती यादी होती, खुणा केलेली, कंपनीचा गोल शिक्का मारलेली. ती थोडा वेळ त्या कागदाकडे बघत राहिली. मग आतल्या खोलीत गेली, आणि आतून कडी लागल्याचा आवाज आला.

“छान,” बाई घड्याळ बघत म्हणाली. “काका, सुरू करा.”

“अगं,” ग्रंथपाल दाराशी जाऊन म्हणाले, “चहा ठेवू का?”

मग त्यांनी हलकेच टकटक केलं.

“दूध घालून.”

टपालमास्तरांनी खुणेने सुचवलं की विनोद सांगा. ग्रंथपालांनी विनोद सांगितला. दारावर काहीच परिणाम झालेला दिसला नाही. पाच मिनिटांची दहा झाली, वीस झाली. मग त्यांच्या लक्षात आलं की आत खोटंखोटं काही चाललेलं नाही.

“अगं, काय झालं ते तरी सांगशील?”

“काही नाही,” आतून आवाज आला. अगदी शांत. “तेहतीस वर्षं माझ्या डोक्यात होतं ते सगळं. कुणीतरी एकदा कागदावर उतरवावं असं वाटायचं. उतरवलंत. सगळं बरोबर उतरवलंत, काहीसुद्धा राहिलं नाही. मोठ्या कचेरीने मंजूरही केलं. फक्त वर नाव तुमचं.”

टपालमास्तरांनी पेपर अगदी नाकापर्यंत नेला. ग्रंथपाल दाराला हात लावून उभे राहिले. जन्मात त्यांनी एका लेखकाचं पुस्तक दुसऱ्याच्या नावावर लावलेलं नव्हतं. एकदा दुसऱ्या कुणाच्या हातून एका पुस्तकाचं असं झालं म्हणून ते सुट्टीच्या दिवशी कुलूप उघडून गेले होते. उद्या शनिवार होता. बाई मागे फाईल घेऊन उभी होती. आता खरं बोलायचं तर तिच्यासमोरच बोलावं लागणार होतं, आणि ऐकल्यावर दाखला मिळण्याचं काही कारण उरलं नसतं. डोळ्यांपुढे सातही फळ्या आल्या, उंच पुस्तकं खाली, बुटकी वर.

ते वळले. “बाई,” ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज वाचनालयात कुणी मोठ्याने बोललं तर होतो तसा कडक झाला, “ती यादी माझी नाही. यातलं एकही काम मी अपघातापूर्वी करत नव्हतो. कर्तीचं नाव चुकलंय. दुरुस्त करून घ्या.”

बाईच्या चेहऱ्यावर तीन आठवड्यांत पहिल्यांदा काहीतरी हललं. “काका, पातेलं शोधायला तुम्ही सहा कपाटं उघडलीत. मला तेव्हाच कळलं होतं. पण माझ्याकडे खांद्याचा रकाना आहे, खरेपणाचा नाही. तुम्हाला दुरुस्तीच हवी असेल तर कचेरीला विचारावं लागेल.” आणि तिने फोन लावला, सगळ्यांना ऐकू येईल असा.

गोड आवाजाची मुलगी फोनवर आली. सगळं ऐकून घेतलं, दोनदा थांबा म्हणाली, कुणालातरी विचारून आली. “सॉरी सर, ते नाव घालता येणार नाही. नव्या नियमांप्रमाणे यादीवर फक्त अपघात झालेल्या व्यक्तीचं नाव येतं. मॅडमना अपघात झालेला नाही.”

कडी निघाली. बायको दारात आली. डोळे पुसलेले होते, पण पदर खोचलेला होता.

“झालाय म्हणावं,” ती फोनकडे बघून म्हणाली. “तेहतीस वर्षं झाली. गाडी नव्हती, मी चालत आले होते.”

“मॅडम, त्याचे जुने दावे आता घेत नाही,” मुलगी म्हणाली. “जखमी इसमाच्या खांद्याचा दावा मात्र मंजूरच राहील, सर. मंजूर झालेलं रद्द करायचं तर वेगळा अर्ज लागतो, आणि तो अर्ज अजून छापून आलेला नाही.”

टपालमास्तरांनी पेपर खाली घेतला. “आमच्या वेळी असं नव्हतं,” ते भारावून म्हणाले.

बाईने एकोणचाळिसाव्या कामावर खूण केली, कारण दार तर उघडलं होतं. मग तिने दाखला काढला आणि बायकोपुढे धरला. “काकू, घरच्यांची सही लागते. इथे छापलंय, ‘रुग्ण पूर्ववत झाला आहे.’ त्याखाली करा.”

बायकोने पेन घेतलं, चष्मा लावला. वाचलं. सही मात्र केली नाही.

“पूर्ववत?” ती म्हणाली. “पूर्ववत झाले तर मग मी काय करू?”

“काकू, उद्या शेवटचा दिवस आहे त्यांचा.”

“माहितीये मला.” तिने ‘रुग्ण’ या शब्दावर आडवी रेघ मारली आणि वर लिहिलं, ‘हात’. तिचं अक्षर काही ग्रंथपालांसारखं वळणदार नव्हतं, पण वाचता येत होतं. मग खाली सही केली, पूर्ण नाव, आडनावासकट.

बाईने कागद उलटसुलट करून पाहिला. “चालेल. मला हाताचंच हवं होतं. पण मग बाकीच्या माणसापुढे काय लिहू? जागा रिकामी सोडता येत नाही.”

बायकोने ग्रंथपालांकडे पाहिलं. ते अजून दाराशीच उभे होते, उजवा हात चौकटीच्या वरच्या पट्टीवर ठेवून. तो तिथे पोचलाय हे त्यांच्या लक्षातही आलेलं नव्हतं.

“लिही,” ती म्हणाली, “उपचार चालू आहेत.”